रेडिएटरच्या टाकीला चीर: डागडुजी करू की नवीन टाकू? (२०११ ची डिझेल गाडी, ठाणे)

ओतूरकरीण

नमस्कार मंडळी. गाडी २०११ ची, सात सीटर डिझेल, मॅन्युअल गिअर, दीड लाखाच्या पुढे पळालेली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर अर्धा धागा "ती घेतलीच कशाला" यात जाईल.

कासारवडवलीला राहते. परवा सकाळी वॉचमनचा इंटरकॉम आला, तुमच्या गाडीखाली हिरवं पाणी सांडलंय. एसीचं पाणी हिरवं नसतं आणि बोटाला चिकट लागत नाही, म्हणून बॉनेट उघडलं. रेडिएटरच्या वर जी काळी प्लास्टिकची टाकी असते, तिला जिथे जाड होस (रबरी पाइप) बसतो त्या मानेपाशी बारीक चीर. भोवती वाळलेला पांढरट-हिरवा थर, म्हणजे दुखणं कालपरवाचं नाही. गार असताना थेंब नाही, इंजिन तापलं की तिथे घाम फुटल्यागत पाणी येतं. तापमानाचा काटा अजून मध्यावरच असतो. पण घोडबंदर रोडला गाडी रांगत असते तेव्हा माझं लक्ष समोरच्या रिक्षापेक्षा त्या काट्यावर जास्त.

दाखवून आणली. जवळचा गॅरेजवाला म्हणतो, वरून एम-सील मारू आणि थर्मोस्टॅट (रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा-सोडणारा व्हॉल्व्ह) काढून टाकू, "मॅडम, गाडी गरमच होणार नाही." वागळे इस्टेटमधला रेडिएटरवाला फक्त वरची टाकी बदलून देतो, २,८०० रुपये, सकाळी दिली की संध्याकाळी हातात. सर्व्हिस सेंटरने रेडिएटर, वॉटर पंप, सगळे होस, बेल्ट असं मिळून २४,००० चं एस्टिमेट दिलं. नुसता नवीन रेडिएटर बाजारात लोकल साडेपाच हजार, ओरिजिनल साडेनऊ.

अडचण अशी की पुढच्या वर्षी गाडीला पंधरा वर्षं होतात. आरसी रिन्यू करायची की विकून मोकळं व्हायचं, यावर घरात रोज चर्चासत्र. नवऱ्याचं म्हणणं, आता हिच्यावर रुपया घालू नकोस. पण गाडी मी चालवते, आणि महिनाअखेरीला माळशेज चढून ओतूरला जायचंय, आईला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी इकडे आणायला. एम-सीलवर घाट निघेल का? नसेल, तर या वयाच्या गाडीवर किती खर्च करावा?

खारीगावकर

ताई, मूठभर हळद टाका रेडिएटरमध्ये. चीर आपोआप बुजते. मामाचा टेम्पो भिवंडी-नाशिक याच उपायावर चालायचा.

डिझेलकाका ऐरोली

मामांच्या टेम्पोला तांब्या-पितळेचा रेडिएटर असणार. त्याला सुईएवढं छिद्र पडलं की हळदीचा लगदा तिथे अडकायचा आणि गाडी गावापर्यंत पोचायची, खरं आहे. या गाडीच्या रेडिएटरची जाळी अ‍ॅल्युमिनियमची, नळ्या चपट्या आणि अरुंद. हळद चिरेत बसावी की नळीत, हे ती आपल्याला विचारून ठरवत नाही. केबिनच्या हीटरची जाळी तर त्याहून बारीक, ती आधी चोक होते. बाटलीतल्या लीक-स्टॉपचंही तेच.

आता एम-सील. रेडिएटरच्या कॅपवर ०.९ किंवा १.१ असा आकडा कोरलेला असतो, तो दाब, बारमध्ये. साधं पाणी १०० अंशांना उकळतं, पण एक बार जास्तीच्या दाबाखाली साधारण १२० ला. म्हणजे त्या टाकीचं काम नुसतं पाणी साठवण्याचं नाही, दाब धरण्याचं आहे. चिरेतून दाब निसटला की ही वीस अंशांची सवलत गेली. त्यात माळशेजचा माथा सातशे मीटरच्या आसपास, तिथे पाणी आणखी दोनेक अंश आधी उकळतं. भरलेली गाडी, एसी चालू, पुढे एसटी, दुसऱ्या गिअरात चढ. टाकी असते नायलॉनची, काचेचे तंतू घातलेली. तापली की प्रसरण पावते, निवली की आकसते. एम-सील तिच्याबरोबर हलत नाही, कडेने सुटतं. गॅरेजपर्यंत न्यायला चालेल, घाटाला नाही.

थर्मोस्टॅटला मात्र कोणालाही हात लावू देऊ नका. तो साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो, तोवर पाणी इंजिनातच फिरवून इंजिन लवकर तापवतो. काढून टाकला की इंजिन कामाच्या तापमानाला यायलाच वेळ लावतं, डिझेल जास्त पितं, काजळी धरतं. आणि चीर आहे तिथेच राहते! हा सल्ला देणाऱ्याकडे गाडी परत नेऊ नका, एवढं माझं वैयक्तिक मत.

पैसे घालण्याआधी हेड गॅसकेटची (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या सीलची) खात्री करा. इंजिन पूर्ण गार असताना कॅप काढून गाडी सुरू करा आणि दुसऱ्या कोणाला हळूहळू रेस द्यायला सांगा. सुरुवातीला थोडे बुडबुडे येतील, ते सोडा. येतच राहिले, किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ मलई दिसली, किंवा कॅप लावून गार गाडी सुरू केल्या केल्या वरचा होस फुगून कडक झाला, तर रोग रेडिएटरचा नाही. मग जावईबापूंचं, म्हणजे तुमच्या नवऱ्याचं ऐका.

सीवूड्सकर

काकांशी बहुतेक सहमत, पण टाकी बदलणं हा अगदीच टाकाऊ उपाय नाही. जाळीच्या कडेला अ‍ॅल्युमिनियमच्या पाकळ्या असतात, त्या उघडून जुनी टाकी काढतात, नवीन रबरी गॅसकेट घालून पाकळ्या परत दुमडतात. कारागिराचा हात चांगला असेल तर टिकतं. माझी गाडी पाच-सहा वर्षांची असताना मी हेच केलं होतं, पुन्हा बघावं लागलं नाही.

चौदा वर्षांनी मात्र मी करणार नाही. पाकळ्या उघडताना तुटतात, आणि खालची टाकी वरच्याच वयाची. २,८०० घालून एक बाजू नवी करायची आणि दुसरी कधी फुटते याची वाट बघायची.

लोकल घेणार असाल तर दुकानात जुना शेजारी ठेवून बघा. जाळीची जाडी तेवढीच आहे का, होसच्या माना तशाच आहेत का, पंख्याच्या कव्हरचे ब्रॅकेट बसतात का. हलक्या मालात जाळी पातळ असते. हायवेला कळत नाही, घोडबंदरच्या गर्दीत लगेच कळतं. साडेनऊचा ओरिजिनल मिळत असेल तर चार हजारांसाठी मी हा खटाटोप करणार नाही.

२४,००० च्या यादीतले होस, क्लॅम्प आणि कॅप बदला. वॉटर पंप मात्र शाफ्ट हलत असेल किंवा खालच्या भोकातून पाणी झिरपत असेल तरच. एरवी राहू द्या.

आणि रेडिएटर खाली उतरेल तेव्हा एसीच्या कंडेन्सरची (रेडिएटरच्या पुढे असलेल्या एसीच्या जाळीची) मागची बाजू उघडी पडते, ती हलक्या पाण्याने धुऊन घ्या. तुमच्याकडे मेट्रोचं काम चालू, तिथली सिमेंटची धूळ या दोघांच्या मध्ये थर करून बसलेली असणार. निम्मी गरमी तिचीच असते.

ओतूरकरीण

काकांची परीक्षा आज घेतली. वॉचमननेच रेस दिली, मोठ्या उत्साहाने. बुडबुडे थांबले, ऑइलचं झाकण स्वच्छ, होस मऊ. म्हणजे हेड ठीक.

ओरिजिनल रेडिएटर, होस, कॅप, मजुरी धरून पंधरा हजारांच्या आत बसतंय. नवऱ्याला दाखवलं. "एवढ्यात स्कूटरचं डाउन पेमेंट होईल" असं उत्तर आलं. स्कूटरवर आईला माळशेजमधून आणू का, असं विचारल्यावर विषय संपला.

पाणी कुठलं घालू? सोसायटीत अर्धा वेळ टँकर, अर्धा वेळ बोअर. गॅरेजवाला नळाचंच भरतो.

डिझेलकाका ऐरोली

बोअरचं अजिबात नको, आतून क्षार धरतात. एकतर तयार मिसळलेला कूलंट (रेडिएटरमध्ये घालायचं ते रंगीत पाणी) घ्या, नाहीतर कॉन्सन्ट्रेट आणि बॅटरीचं डीएम (क्षार काढलेलं) पाणी निम्मं निम्मं. नुसत्या रंगावर जाऊ नका, हिरवा आणि हिरवा एकच असतो असं नाही. गाडीच्या पुस्तकात जो प्रकार दिलाय तोच, आणि आधी जुना पूर्ण काढून आतून धुऊन घ्या.

भरताना गाडीचं नाक चढावर ठेवा, हीटर पूर्ण गरमवर, कॅप उघडी. पातळी खाली जाईल तसं भरत राहा. आत हवा अडकली की नवीन रेडिएटर लावूनही गाडी तापते आणि मग सगळे रेडिएटरला शिव्या देतात.

ते हिरवं पाणी पार्किंगमधून आजच धुऊन टाका. त्यात इथिलीन ग्लायकॉल असतं, चवीला गोड आणि विषारी. सोसायटीतली कुत्री-मांजरं चाटतात.

आरसीचं म्हणाल तर रिन्यूअल पाच वर्षांसाठी मिळतं. एप्रिल २०२२ पासून कारची त्याची फी ५,००० आहे, वर राज्याचा ग्रीन टॅक्स आणि गाडी तपासणीला न्यावी लागते. हेड शाबूत आहे, तेव्हा मी ठेवली असती. विकायचीच ठरली तरी गळक्या गाडीला गिऱ्हाईक रेडिएटरच्या किमतीपेक्षा जास्त पाडून मागतं.

ओतूरकरीण

शनिवारी काम करून घेते. थेट माळशेजला नेऊ का?

डिझेलकाका ऐरोली

नको. आधी गायमुखचा चढ चढून फाउंटन हॉटेलपर्यंत जाऊन या, रात्रभर निवू द्या, सकाळी पातळी बघा. थोडी उतरलेली असेल तर भरा, पुन्हा उतरली तर गॅरेजला.

घाटात काटा वर सरकायला लागला तर एसी बंद, हीटर पूर्ण, जागा मिळेल तिथे बाजूला. काटा अचानक खाली पडला तर खूश होऊ नका. पाणी संपलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा गार दाखवतो, तेव्हा तर ताबडतोब इंजिन बंद. टोकावड्याला चहाला थांबाल तेव्हा बॉनेट उघडून बघायला हरकत नाही, पण कॅपला हात लावायचा नाही.

खारीगावकर

हळद मागे घेतो. जुना रेडिएटर गॅरेजमध्ये सोडून येऊ नका हो, अ‍ॅल्युमिनियम आहे. भंगारवाल्याकडे काट्यावर घाला.