धक्क्यापाशी लाट मोठी का दिसते

तुम्ही म्हणता, बंदरातल्या लाटांच्या तुमच्या संगणकी प्रतिमानात २० मीटरच्या जाळीवर (म्हणजे दर २० मीटरला हिशेबाचा एक बिंदू) धक्क्यापाशी लाट बंदराबाहेरच्यापेक्षा मोठी येतेय. उभ्या काँक्रीट भिंतीपुढे ती दुप्पट होऊ शकते, त्यात नवल नाही. पण प्रतिमानात दगडी बांधालाही पूर्ण परावर्तन, म्हणजे लाट सगळीच्या सगळी परत फेकणं, दिलंय का? मग आत लाटा साठणारच. जाळीचं म्हणाल तर ८ सेकंदांची लाट ६ मीटर पाण्यात जेमतेम ५७ मीटर लांब. तिच्यावर तीनच बिंदू पडले तर काय कप्पाळ दिसणार! ३ मीटरची घ्या, वेळ लागला तर लागू दे. आणि खोली चार्ट डेटमपासूनची, म्हणजे सागरी नकाशाच्या शून्यपातळीपासूनची (साधारण सगळ्यात खालच्या ओहोटीची), आहे ना? मुंबईत सरासरी समुद्रपातळी त्याच्या सुमारे अडीच मीटर वर असते. ती वाढ खोलीत मिळवली नसेल तर तुम्ही फक्त ओहोटीचं बंदर तपासताय. 'स्वान' हे लाटांचं प्रतिमान बाहेरच्या समुद्रापुरतंच ठेवा, त्यातलं विवर्तन (बांधाच्या टोकाला वळून लाट आडोशाला पसरणं) कामचलाऊ आहे.