पिवळे चिपड म्हणजे संसर्गच असे नाही
पग जातीच्या कुत्र्याच्या डोळ्यांत चिकट, पिवळसर चिपडे दिसली की संसर्ग समजून अँटिबायोटिकचे थेंब घालावेत, असे अनेकजण सुचवतात; ते मत मला अर्धेच पटते. आमच्या कुत्रीला अशा थेंबांनी चार दिवस बरे वाटे आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. अखेर दुसऱ्या पशुवैद्यांनी खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी एक मिनिट अडकवून अश्रू मोजले (शर्मर चाचणी), तेव्हा जी पट्टी निदान १५ मिलिमीटर ओली व्हायला हवी ती जेमतेम ६ वर थांबली. म्हणजे मूळ दुखणे कोरड्या डोळ्याचे होते. त्यावर सायक्लोस्पोरिनचे (अश्रू वाढवणाऱ्या औषधाचे) मलम दिवसातून दोनदा सुरू झाले. त्याचा गुण दिसायला कित्येक आठवडे लागतात आणि ते बहुधा जन्मभर घालावे लागते, म्हणून पंधरा दिवसांत कंटाळून सोडू नये. नाकाकडच्या कोपऱ्यातून कॉर्नियावर (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर) सरकणारा तपकिरी डाग मात्र आमच्याकडे पुरता गेला नाही, फक्त थबकला.

घरात उरलेले स्टेरॉइडचे थेंब घाला, असेही काहीजण सुचवतात; त्याला माझा स्पष्ट विरोध आहे. फ्लुरोसीनने (जखम उठून दिसेल अशा रंगद्रव्याने) डोळा रंगवून जखम नसल्याची खात्री न करता ते घातले, तर असलेली जखम खोल जाऊन कॉर्नियाला भोकही पडू शकते.