ठाण्यातली शहाळ्यांची सालं मुरबाडला न्यायची आहेत: सुंभ, कोकोपीट की खत?

मीठबंदर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. नौपाडा, कोपरी, पाचपाखाडी आणि घोडबंदर रोडची सुरुवात या पट्ट्यातल्या सात-आठ शहाळेवाल्यांनी रिकामी शहाळी आम्हाला द्यायचं कबूल केलंय. उन्हाळ्यात रोज टनभर माल सहज निघेल. मुरबाड तालुक्यातल्या एका महिला बचत गटाकडे दहा गुंठे मोकळी जागा, विहीर आणि थ्री-फेज वीज आहे, आणि दहा-बारा जणी कामाला तयार आहेत.

बेत असा आहे: रोज संध्याकाळी टेम्पोनं शहाळी मुरबाडला न्यायची, मशीनवर काथ्या काढायचा, गटानं सुंभ वळायचं, पायपुसणी करायची आणि उरलेल्या भुशाच्या कोकोपीट विटा पाडून नर्सरीवाल्यांना विकायच्या. मशीनवाला म्हणतो १५ एचपीचं एकच मशीन पुरे, एकीकडून शहाळं घाला, दुसरीकडून काथ्या आणि भुसा वेगळा घ्या. हे खरं आहे का? एक टनातून नेमकं हाती काय लागेल? पावसाळ्यात काय करायचं? आणि अनुदानासाठी कुठलं दार ठोठवायचं? घाईने मशीन घेऊन बसायचं नाहीये.

काथ्याकूट

मशीनचं नंतर बघू, आधी पाण्याचा हिशोब करा. पिऊन टाकलेल्या ताज्या शहाळ्यात वजनाच्या ८० ते ८५ टक्के पाणीच असतं. म्हणजे तुमच्या एक टनात (सातशे ते नऊशे शहाळी) कोरडा ऐवज जेमतेम १५० किलो. वाळवून १५ टक्के ओल ठेवली तर १७५ किलोच्या आसपास माल, त्यात तंतू साधारण तिसरा हिस्सा, बाकी भुसा आणि कोवळ्या करवंटीचे तुकडे. पन्नासेक किलोमीटर टेम्पो पळवून तुम्ही मुख्यतः पाणी नेणार. त्यात अख्खी शहाळी पोकळ असल्यामुळे छोट्या टेम्पोची वजनक्षमता संपायच्या कितीतरी आधी जागा संपते. डिझेलच सगळं खाऊन टाकेल.

म्हणून काम दोन ठिकाणी विभागा. ठाण्यात फक्त फोडणं, चिरणं आणि पिळणं. मुरबाडला वाळवणं, चाळणं, कुजवणं, पॅकिंग. शहाळेवाल्यालाच सांगा की गिऱ्हाईकाला मलई काढून दिल्यावर कोयत्याचे आणखी दोन घाव घालून चार फाका करायच्या. त्यासाठी शहाळ्यामागे थोडे पैसे द्यावे लागले तरी परवडतं. फाका टेम्पोत दाबून बसतात, आणि आत पाणी साचत नाही. अख्ख्या शहाळ्यात साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो, तेव्हा पावसाळ्यात वॉर्डातून तक्रार यायला वेळ लागणार नाही.

आता मशीन. 'एकच मशीन सगळं करतं' हे सुक्या सोडणाच्या (जून नारळाच्या वरच्या तंतुमय सालीच्या) बाबतीत निम्मं खरं, ओल्या शहाळ्याच्या बाबतीत खोटं. ओला माल थेट हातोड्यांच्या मशीनमध्ये गेला की त्याचा लगदा होऊन जाळीची भोकं बुजतात, मोटर ॲम्पिअर खायला लागते आणि ओव्हरलोड रिले (जास्त भार आला की मोटरची वीज तोडणारा स्विच) पडतो. मग ऑपरेटर रिलेचं सेटिंग वाढवतो आणि आठवड्यात मोटर जळते. क्रम असा ठेवा: आधी पात्यांचा चॉपर, मग रोलरचा पिळा (उसाच्या चरकासारखाच, फक्त रोलर खाचांचे आणि मजबूत), मग उन्हात अर्धवट वाळवणं, आणि ओल ३० टक्क्यांखाली आल्यावरच बीटर (तेच हातोड्यांचं मशीन) आणि फिरती चाळण. पिळ्याने ओल ८५ वरून ७० टक्क्यांवर आली तरी टनाचे ५०० किलो होतात. टेम्पोची निम्मी खेप तिथेच वाचली.

पण ते ५०० लिटर पाणी कुठे जाणार? ते तपकिरी, टॅनिनयुक्त, दुसऱ्या दिवशी आंबून वास मारणारं असतं. गटारात सोडलंत तर शेजारी आणि महापालिका दोघंही दारात. टाकीत साठवा आणि खताच्या ढिगावर शिंपा. झाडांना तसंच ताजं घालू नका, त्यातल्या फेनॉलमुळे कोवळी मुळं करपतात.

चॉपर घेताना दोन गोष्टी बघा. पाती काढून धार लावता येतात का, आणि शाफ्टच्या टोकाला, बेअरिंगच्या अलीकडे, तंतू अडवणारी चकती आहे का. नसेल तर लांब तंतू शाफ्टला गुंडाळत गुंडाळत सीलमध्ये शिरतो, ग्रीस शोषून घेतो आणि बेअरिंग जाम होतं. दर पाळीनंतर मेन स्विच बंद करून कोयतीने ते वेटोळं कापून काढायचं, हा नियम भिंतीवर लिहून ठेवा. पाती बोथट झाली की फाका कापल्या न जाता ठेचल्या जातात. मालाला चिंध्यांसारखी टोकं दिसली की समजा धार गेली. स्ट्रॉ आधी वेचा. प्लास्टिकच्या स्ट्रॉवर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे, तरी निघतातच, आणि एकदा कापल्या गेल्या की भुशातून वेगळ्या करणं केवळ अशक्य.

आणि हो, मशीनपाशी पदर, ओढणी, सुटे केस, बांगड्या चालणार नाहीत. माल ढकलायला लाकडी दांडा, हात नाही.

सोडणवाला

वरच्याशी सहमत. सुंभाबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं, कारण ताईंच्या बेताचा सगळा भार त्यावरच आहे.

शहाळं सहा-सात महिन्यांचं फळ. सुंभाला लागणारा काथ्या अकरा-बारा महिन्यांच्या जून नारळाचा. तोवर तंतूत लिग्निन (लाकडाला कठीण करणारा घटक) भरतं, तेव्हा कुठे त्याला ताकद आणि ताठपणा येतो. शहाळ्याचा तंतू बारीक, मऊ आणि ठिसूळ. वळायला घेतलात तर पीळ बसतो, पण ताण दिला की तुटतो. पायपुसणीचा ब्रशसुद्धा महिन्याभरात झडतो. त्यापासून दोर विकलात तर पहिलं गिऱ्हाईक हेच शेवटचं.

जून सोडण ठाण्याच्या बाजारात शोधू नका. तुर्भ्याच्या घाऊक बाजारात नारळ सोलूनच येतो, वर फक्त शेंडी असते. देवळातूनही तुम्हाला शेंड्या आणि करवंट्याच मिळतील. सोडण राहतं ते वाडीवर: वसई, केळवे, डहाणू, खाली अलिबाग-रेवदंडा. हजार सोडणांतून साधारण ८० ते ९० किलो काथ्या आणि त्याच्या दुप्पट भुसा निघतो. त्यामुळे तिथूनही सोडणं उचलून आणण्यात अर्थ नाही. काढलेल्या काथ्याचे गठ्ठे विकत घ्या. गटाला सुंभ वळायचंच असेल तर तो स्वतंत्र धंदा समजा, विकतच्या काथ्यावर चालणारा. हाताच्या रहाटावर तिघी लागतात, एक चाक फिरवायला आणि दोघी वळायला. मोटरच्या रहाटावर एकटी बसू शकते.

शहाळ्याच्या तंतूला दुसरी गिऱ्हाइकं आहेत. वेलांच्या कुंडीतल्या काठ्या (पाइपवर तंतूचा थर, वरून नायलॉनची जाळी, साधी लोखंडी तार वापरू नका, गंजून डाग पडतात), टांगत्या टोपल्यांचं अस्तर, फळांच्या पेटीतलं पॅकिंग. पण हे सगळं मिळून तुमच्या मालातला थोडाच भाग खपवेल. बाकीचं आच्छादन किंवा खत. ब्रिकेटचा (बॉयलरमध्ये जाळायच्या दाबलेल्या कांड्यांचा) सल्ला कुणीतरी देईलच, म्हणून आधीच सांगतो: या राखेत पोटॅशियम भरपूर, ती कमी तापमानाला वितळते आणि बॉयलरच्या जाळीवर खडे धरते. कारखानदार दुसरी गाडी घेत नाही.

तुर्भे_कंपोस्ट

माझं मत: पहिलं वर्ष फक्त खत आणि आच्छादन. कोकोपीट विटा दुसऱ्या वर्षी, त्याही जमल्या तर.

कारण शहाळ्याचा भुसा कोवळा असतो. जून सोडणाचा भुसा कुंडीत वर्षानुवर्षं टिकतो, हा काही महिन्यांत कुजून खाली बसतो. आणि कुजताना जंतू कुंडीतलाच नत्र खातात, म्हणून रोपं पिवळी पडतात. नर्सरीवाला म्हणतो 'माल खराब'. शिवाय क्षार. न धुतलेल्या भुशाचा ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे क्षारांचं माप) २ ते ६ असू शकतो, नर्सरीला हवा ०.५ च्या आसपास. खिशातला ईसी मीटर घ्याच, त्याशिवाय कोकोपीटच्या धंद्यात उतरू नका. आणि पाण्याने धुऊन फक्त सुटे क्षार जातात. कणांना चिकटलेलं सोडियम-पोटॅशियम सोडवायला कॅल्शियम लागतं: दहा लिटर पाण्यात १०० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट, भुसा पूर्ण बुडवून बारा तास, निथळून पुन्हा साध्या पाण्यात एकदा. हे टाळलं की बी उगवतं, पण नव्या पानांच्या कडा करपतात, कारण भुसा खतातलं कॅल्शियम आधी स्वतःकडे ओढून घेतो.

पावसाळ्याचं विचारलंत. जून ते सप्टेंबर वाळवण विसरा. पॉलिहाउस उभारलं तरी हवेतच इतका दमटपणा की पंखा आणि उष्णता दिल्याशिवाय माल बुरशी धरतो. उलट पावसाला कामाला लावा. मुरबाडला उताराच्या जागेवर भुसा अर्धा फूट जाडीचा पसरून ठेवा, खाली शेडनेट, कडेला विटांची ओळ. चार महिन्यांचा पाऊस क्षार फुकटात धुऊन नेतो. ऑक्टोबरच्या उन्हात वाळवा. उतार विहिरीकडे मात्र नको, तो तपकिरी निचरा पिण्याच्या पाण्यात जाईल.

उन्हाळ्यातली जागा मोजून घ्या. पिळलेले ५०० किलो दोन इंच थरात पसरायला चारशे चौरस फूट लागतात. वाळायला तीन दिवस धरले तर बाराशे, चालायच्या वाटांसह पंधराशे. तेवढी जागा गटाकडे आहे. खाली ताडपत्री किंवा कोबा हवाच, मातीवर पसरलेल्या मालात खडे येतात आणि बीटरची जाळी फाडतात. दिवसातून तीन-चार वेळा दाताळ्यानं उलटवा.

खताच्या दोन पद्धती आहेत, त्यांची खिचडी करू नका. एक तमिळनाडू कृषी विद्यापीठाची: एक टन काथ्याच्या भुशाला ५ किलो युरिया आणि दीड किलो धिंगरी अळिंबीचं बियाणं (प्ल्युरोटस). शंभर किलो भुशाचा थर, त्यावर बियाणं. पुढच्या थरावर एक किलो युरिया. असे आलटून पालटून दहा थर, सावलीत. कोरडं पडू द्यायचं नाही. महिना-दोन महिन्यांत भुसा काळसर होतो आणि कर्ब-नत्र गुणोत्तर शंभरावरून २४ च्या घरात येतं. दुसरी गरम ढिगाची: चिरलेलं शहाळं, शेण, बाजारातला हिरवा भाजीकचरा, तीन-चार फूट उंच ढीग, आत ५५ ते ६५ अंश, आठवड्याला एकदा उलटवणं, अडीच-तीन महिने. अशा गरम ढिगात अळिंबीचं बियाणं टाकलं तर ते मरतं आणि पैसे वाया. ढिगाला वाफ येत नसेल तर बहुधा नत्र कमी आहे. आंबट वास आला तर हवा कमी आणि ओल जास्त. मूठभर माल दाबा: दोन-तीन थेंब यावेत, धार लागू नये.

मीठबंदर

खूप आभार. सुंभाचा नाद सोडला. दोन शंका. खत पिशवीत भरून 'सेंद्रिय खत' म्हणून विकता येतं का? आणि चिरणं-पिळणं ठाण्यात झालं तर ग्रामीण अनुदान हातचं जाईल का?

उद्योगकेंद्र_वारी

खत म्हणून लेबल लावलंत की १९८५ चा खत नियंत्रण आदेश लागू होतो. कृषी खात्याचा परवाना आणि प्रयोगशाळेचा अहवाल लागतो. शहरी कंपोस्टच्या निकषात कर्ब-नत्र गुणोत्तर २० च्या आत हवं. वर तुर्भेकरांनी सांगितलेलं २४ त्यात बसत नाही, म्हणजे आणखी काही आठवडे मुरवावं लागेल. तोवर आच्छादन किंवा कुंडीमिश्रण म्हणून विका, पिशवीवर नत्र-स्फुरद-पालाशचे आकडे छापू नका.

अनुदानासाठी पीएमईजीपी (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, बँक कर्जाला जोडलेली केंद्राची अनुदान योजना). उत्पादन उद्योगाला ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प चालतो. महिला विशेष प्रवर्गात येतात: स्वतःचा वाटा ५ टक्के, अनुदान ग्रामीण भागात ३५ टक्के, शहरात २५. प्रकल्पाचा पत्ता धरला जातो, म्हणून वाळवण, बीटर, चाळण, खत हा मुख्य प्रकल्प मुरबाडच्या जागेवर दाखवा आणि ठाण्यातलं चॉपर-पिळ्याचं काम वेगळं ठेवा, भाड्याच्या मशीनवर किंवा वॉर्डाशी बोलून त्यांच्या जागेत. अनुदान हातात पडत नाही, बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून अडकून राहतं आणि मग कर्जात वळतं होतं. खेळतं भांडवल त्यातून निघेल अशा भ्रमात राहू नका. योजना फक्त नव्या उद्योगाला आहे, त्यामुळे आधी मशीन घेऊन काम सुरू करून मग अर्ज करू नका. १० लाखांवरच्या उत्पादन प्रकल्पाला अर्जदार आठवी पास हवी. चालू मुदत पोर्टलवर बघून घ्या.

एक नेहमीचा घोळ: नारळ विकास मंडळ कृषी मंत्रालयाचं, काथ्या मंडळ (कॉयर बोर्ड, कोची) सूक्ष्म-लघु उद्योग मंत्रालयाचं. तुमचं काम दुसऱ्याकडे. त्यांची संशोधन संस्था अलप्पुळाजवळ कलवूरला आहे, बंगळुरूला तंत्रज्ञान संस्था. मशीनची कोटेशनं घेण्याआधी तिथून प्रशिक्षणाची चौकशी करा.

काथ्याकूट

मीठबंदर, कोटेशन देणाऱ्याला एक अट घाला: चाचणी तुमच्या मालावर, आदल्या दिवशीच्या ५० किलो शहाळ्यांवर, तुमच्यासमोर, सलग. शोरूममध्ये तो सुकी सोडणं घालून दाखवतो. चाचणीत मोटरचे ॲम्पिअर, अर्ध्या तासात बाहेर पडलेल्या मालाचं वजन आणि पिळ्यातून निघालेलं पाणी लिहून घ्या. पाणी २० लिटरपेक्षा कमी निघालं तर रोलरमधलं अंतर कमी करून पुन्हा चालवायला सांगा. तरीही नाही निघालं तर ते मशीन घेऊ नका.