देवळालगतच्या दुकानाला रॅम्प बांधायचा आहे. परवानगी कोणाची घ्यावी?

वैनगंगाकाठ: नमस्कार. आमच्या गावातील जुन्या दगडी देवळाच्या वाटेवर आमचे किराणा व पूजासाहित्याचे दुकान आहे. चाकांची खुर्ची आत नेता यावी म्हणून त्याला रॅम्प बांधायचा आहे. ग्रामपंचायत पुरातत्त्व खात्याचे पत्र मागते आणि तालुक्याच्या एका कार्यालयात सांगितले की, देवळाजवळ एक वीटही लावता येणार नाही. महाशिवरात्रीच्या यात्रेपूर्वी काम व्हायला हवे. नेमका मार्ग कोणी सांगेल का?

नियमवाचक: ताई, देऊळ केंद्र संरक्षित आहे की राज्य संरक्षित? राज्याचा कायदा १९६० चा आणि वेगळा आहे. केंद्राच्या १९५८ च्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती होऊन पहिले १०० मीटर प्रतिबंधित (नवे बांधकाम बंद) आणि पुढचे २०० मीटर विनियमित (परवानगीनेच बांधकाम) ठरले. हे अंतर कळसापासून नव्हे, तर संरक्षित हद्दीपासून मोजतात. दुकान कोणत्या साली बांधले, हेही सांगा.

शेतकरीपुत्र: इतकी कागदपत्रे कशाला? सहा फुटांची लोखंडी फळी ठेवा आणि संध्याकाळी उचलून घ्या. आमच्याकडे दोन वर्षे हेच चालले आहे.

धानोरकर: मोजकेच कामगार असतील तर २०१७ च्या दुकाने कायद्यानुसार नोंदणी लागत नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. तेही उरकून घ्या.

वैनगंगाकाठ: नोंदणीचा प्रश्नच नाही. देवळाजवळ केंद्रीय खात्याचा निळा फलक असून तिथल्या कुंपणापासून दुकान साधारण ६० मीटरवर आहे. बाबांनी ते १९८४ साली बांधले आणि पुराच्या भीतीने ओटा दोन फूट उंच ठेवला. अपघातानंतर माझे मोठे भाऊ खुर्चीवर आहेत. दुकान तेच चालवणार आहेत आणि रोज चौघांनी उचलून आत नेणे त्यांना मान्य नाही.

गवंडीकाम: हे आधी सांगायला हवे होते. दोन फूट उंचीला एकास बारा या उताराने २४ फूट लांबी लागते. सहा फुटांच्या फळीचा उतार एकास तीन होईल आणि त्यावरून खुर्ची मागे उलटेल, म्हणून शेतकरीपुत्र यांचा सल्ला कृपया मानू नका. रॅम्प किमान १२०० मिलिमीटर रुंद हवा आणि वळणावर दीड मीटरची सपाट जागा हवी.

शेतकरीपुत्र: आमचा ओटा सहा इंचांचा आहे, ही गोष्ट मी लिहायला हवी होती. पण दिव्यांग हक्कांचा २०१६ चा कायदा ताईंच्या बाजूने असताना परवानगी मागायचीच कशाला?

नियमवाचक: कारण एक कायदा दुसऱ्याला रद्द करत नाही. प्रतिबंधित क्षेत्रात विनापरवाना बांधकाम केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. मात्र १६ जून १९९२ पूर्वीच्या इमारतीच्या दुरुस्ती व नूतनीकरणासाठी मालकाला सक्षम अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, त्यामुळे ‘एक वीटही नाही’ हे उत्तर अपुरे आहे. दुरुस्ती म्हणजे आधीच्या इमारतीतील फेरबदल, नवे बांधकाम नव्हे. म्हणून रॅम्प रस्त्याकडे न वाढवता ओटा कापून आतच वळवलेला आराखडा द्यावा. त्याला १९९२ पूर्वीचा नमुना ८ चा उतारा, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टी नोंदवहीतील नोंद, जोडा. सक्षम अधिकाऱ्याकडून अर्ज १५ दिवसांत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे जायला हवा, त्यांना दोन महिने आणि नंतर निर्णयाला एक महिना, अशी मुदत आहे.

वैनगंगाकाठ: म्हणजे यात्रेपूर्वी काम होणे अवघड आहे. नमुना ८ च्या जुन्या उताऱ्यासाठी उद्याच ग्रामसेवकांना भेटते. गवंडीकाम दादा, ओट्याची लांबी १८ फूट आणि खोली नऊ फूट आहे. एवढ्यात वळणाचा रॅम्प बसवून गल्ल्याला जागा उरेल का?