गोळाबारात पडलेलं गाव परत बांधताना जुनं किती ठेवायचं?

कोथरूडकर_५: आर्किटेक्चरचं शेवटचं वर्ष, पुण्यात. थिसिसला काश्मीरमधलं ताबारेषेजवळचं एक गाव घेतलंय. गाइड म्हणतात जुनं हुबेहूब उभं करशील तर तो शूटिंगचा सेट होईल. मी वॉर्साचं उदाहरण दिलं, दुसऱ्या महायुद्धात जुनं शहर जवळपास भुईसपाट झालं, मग युद्धाआधीची ड्रॉइंग आणि बेलोत्तो या चित्रकाराची अठराव्या शतकातली चित्रं बघून परत बांधलं, १९८० ला युनेस्कोच्या यादीतही गेलं. पण खेड्याची कुठली आलीत ड्रॉइंग?

औसेकर: युद्ध नाही पण किल्लारी बघ, १९९३ चा भूकंप. मामाचं गाव तिकडंच. दगडमातीच्या जाड भिंती अंगावर येऊनच माणसं गेली, त्यामुळं नंतर दगडी घर म्हटलं की म्हातारीकोतारी हात जोडायची, तेव्हा पारंपरिक घराचं कौतुक पुण्यात बसून करू नये. पण नवीन गाव आखलं ते कॉलनीसारखं, सरळ रस्ते नि चौकोनी प्लॉट. आधी मामी भाकरी थापता थापता समोरच्या ओट्यावरच्या जावेशी बोलायची, आता जाऊ कुठल्या कुठं गेली. कडबा कुठं रचायचा, बैल कुठं बांधायचे याचा कुणी विचारच नाही केला. भिंती बदल बाबा, शेजार नको मोडू.

चुनाविटा: ड्रॉइंग नसली तरी गवंडी असतात ना! मालीत टिंबक्टूला २०१२ मध्ये अतिरेक्यांनी पीरांचे १४ दर्गे पाडले, ते युनेस्कोच्या मदतीनं २०१५ पर्यंत परत उभे राहिले, पण बांधले तिथल्याच गवंड्यांनी, मातीचं काम ज्यांच्या घराण्यात चालत आलंय. तुझ्या थिसिसमध्ये गवंडी कुठाय? आपल्याकडे पेठेतल्या वाड्याला ओल आली की सिमेंट फासून मोकळे, चुन्याचं काम येणारा माणूस शोधायला गेलं की कळतं.

भटक्या_सदाशिव: सगळं परत बांधायलाच पाहिजे असंही नाही. कारगिलजवळ हुंदरमान आहे, १९७१ च्या युद्धात भारताकडे आलेलं. लोक नवीन वस्तीत राहतात, जुनी घरं तशीच ठेवलीत, त्यात छोटं म्युझियम केलंय, भांडीकुंडी, पलीकडच्या नातलगांची पत्रं. बघून ये, नाहीतरी थिसिसच्या नावाखाली लडाख होतंय :)

कोथरूडकर_५: भारी! औसेकर दादा, मामींकडून जुन्या गल्लीचा नकाशा काढून घेता येईल का? तीच पद्धत मग माझ्या गावात वापरतो.

औसेकर: कागदावर नाही यायचं तिला, पण बोलायला लागली की कुणाचा ओटा कुठं, कुणाचं दार कुठल्या अंगाला, सगळं सांगते. व्यनि (खासगी मेसेज) कर, नंबर देतो. दुपारी नको लावू, झोपते.