शब्दचर्चा : आत्महत्येनंतर मागे राहिलेल्यांना काय म्हणावं?

निशिगंध : जवळचं माणूस आत्महत्येने गेलंय, अशांसाठीच्या आधारगटाचं पत्रक मराठीत करायचंय. इंग्रजीत त्यांना 'सर्व्हायव्हर' म्हणतात. 'वाचलेले' चालेल?

पाणवठा : नको. 'वाचलेले' म्हटलं की स्वतः प्रयत्न करून बचावलेली माणसं डोळ्यांपुढे येतात. इंग्रजीतही हा घोळ होतोच. दोघांच्या गरजा वेगळ्या असतात. सरळ 'आत्महत्येमुळे जिवलग गमावलेले' लिहा. लांबलचक आहे, पण कोणी चुकून भलत्या गटात येऊन बसणार नाही.

आडवाट : बातम्यांत 'आत्महत्याग्रस्त कुटुंब' रुळलाय की.

पाणवठा : रुळलाय, तरी टाळावा. पूरग्रस्त, रोगग्रस्त यांच्याच रांगेतला तो. 'त्यांच्या घराण्यातच आहे ते' ही कुजबुज या लोकांच्या कानावर एरवीही येते, त्यात आपण भर घालू नये. 'यशस्वी प्रयत्न' तर कुठेच नको. पत्रकात 'आत्महत्येने मृत्यू' लिहा. पण घरचं कोणी 'जीव दिला' म्हणालं तर त्याला टोकू नका.

निशिगंध : आणि 'पोस्टव्हेन्शन'?

आडवाट : एडविन श्नाइडमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचा शब्द, 'प्रिव्हेन्शन'च्या जोडीला घडवलेला. घटनेनंतर मागच्यांना दिलेला आधार. जिवलग असा गेला की मागच्यांच्या जिवालाही धोका वाढतो, म्हणून हा आधार हाही प्रतिबंधच. मी 'पश्चात-आधार' सुचवेन.

पाणवठा : 'सांत्वन' एकदा भेटून येण्यापुरतं उरलंय, म्हणून पत्रकात कामं लिहा. 'काही लागलं तर सांगा' म्हटलं की मागण्याचं ओझं त्यांच्यावरच पडतं. त्यापेक्षा 'गुरुवारी अकराला बँकेत सोबत येते'. गेलेल्याचं नाव घ्या. 'तुमच्या लक्षात कसं आलं नाही?' हा प्रश्न नव्हे, ठपका आहे. लहान मुलांना 'बाबा झोपलेत' सांगितलं तर ती झोपायला घाबरतात; वयाला झेपेल असं खरं, दोन वाक्यांत सांगावं.

निशिगंध : गटाच्या नियमांत 'प्रत्येकाने आपबीती सांगावी' असं आहे.

आडवाट : काढा ते. 'बोलायचं असेल तर बोला, नुसतं बसलात तरी चालेल.' मृत्यू कसा ओढवला याचे तपशील गटात नकोत. नव्या माणसाशी गट चालवणाऱ्याने आधी स्वतंत्र बोलून घ्यावं. 'मलाही त्याच्यामागे जावंसं वाटतं' असं कोणी म्हणालं, तर 'असं अभद्र बोलू नये' म्हणून गप्प बसवू नका. 'जीव द्यायचा विचार येतोय का?' हे स्पष्ट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. 'हो' आलं तर एकटं सोडू नका, लगेच हेल्पलाइनला फोन लावा किंवा डॉक्टरांकडे सोबत जा.