एक्स्टर्नल हार्ड डिस्क लॅपटॉपला दिसत नाही. एकुलती एक प्रत कशी वाचवावी?

प्रश्न (तासगाव, जि. सांगली)

नमस्कार. माझ्या आजीने जात्यावर बसून म्हटलेल्या ओव्या मी २०१६ पासून दोन वर्षे सवड मिळेल तशा ध्वनिमुद्रित केल्या. ती सगळी मुद्रणे १ टीबीच्या एका छोट्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर आहेत आणि दुसरी प्रत मी केलेली नाही. आजी आता नाही. गेल्या आठवड्यात गावी डेस्कटॉपवर फाइली कॉपी होत असताना वीज गेली आणि संगणक बंद पडला. सांगलीला परतल्यावर डिस्क लॅपटॉपला जोडली, तर तिचा दिवा लागतो, पण संगणकात ती कुठेच दिसत नाही. मूळ केबल गावीच राहिल्यामुळे मी मोबाइलची जुनी केबल लावली असून ती डिस्कच्या खाचेत नीट बसते. एका दुकानात ‘फॉरमॅट मारून देतो, डिस्क चालू होईल’ असे सांगितले, म्हणून मी ती तशीच परत आणली. आता काय करावे?

उत्तर (विश्रामबाग, सांगली)

ताई, डिस्क परत आणलीत हे फार चांगले केलेत. फॉरमॅट केल्यावर डिस्क चालू होईलही, पण आपल्याला डिस्क नको आहे, तिच्यातल्या ओव्या हव्या आहेत.

मला पहिला संशय केबलचा येतो. या डिस्कची खाच दोन भागांची असते आणि तिच्या मोठ्या भागात मोबाइलची मायक्रो यूएसबी केबल सहज बसते, परंतु चार्जिंगच्या कित्येक केबलींमध्ये फक्त विजेच्या तारा असतात, माहिती वाहून नेणाऱ्या तारा नसतातच. त्यामुळे दिवा लागतो, पण डिस्क जोडली गेल्याचे लॅपटॉपला कळत नाही. शिवाय अडीच इंची डिस्कला वेगळा अडॅप्टर नसल्यामुळे तिची मोटर फिरवायची वीजही त्याच केबलमधून येते. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, ३.० पोर्ट ९०० देतो, आणि चकती फिरायला सुरुवात होते त्या क्षणी मागणी सर्वांत जास्त असते. म्हणून चपट्या, दोन भागांच्या टोकाची आखूड केबल कोणाकडून तरी मागून आणा आणि मध्ये हब न घालता ती थेट लॅपटॉपच्या ३.० पोर्टला जोडा.

जोडल्यावर डिस्कला कान लावून ऐका. एकसारखी घरघर ऐकू आली तर ठीक. ठरावीक अंतराने ‘टक्, टक्’ असा आवाज आला, तर डिस्क त्याच क्षणी काढा आणि पुन्हा जोडू नका, कारण तो बहुधा चकतीवरची माहिती वाचणारे आतले हेड निकामी झाल्याचा आवाज असतो आणि मग डिस्क जितकी फिरेल तितके नुकसान वाढते. आवाज ठीक असेल तर स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा आणि तिथे काय दिसते ते लिहा. विंडोजने ‘फॉरमॅट’ किंवा ‘इनिशियलाइज’ असे काहीही विचारले, तरी कॅन्सलच करा.

प्रश्नकर्ती

केबल मिळाली. घरघर एकसारखी आहे, टकटक नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ‘डिस्क १’, ९३१.५१ जीबी आणि पुढे ‘रॉ’ असे दिसते. विंडोजने फॉरमॅटबद्दल विचारले, मी कॅन्सल केले. डिस्क १ टीबीची असताना ९३१ कसे?

उत्तर (सातारा)

९३१ हा आकडा बरोबर आहे. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत. आणि पूर्ण आकार दिसतो आहे याचा अर्थ डिस्क संगणकाशी नीट बोलते आहे. ‘रॉ’ म्हणजे कोणती फाइल कुठे आहे याची नोंद विंडोजला वाचता येत नाही. सातबारा फाटला म्हणून शेत नाहीसे होत नाही, तसेच हे आहे. कॉपी होत असताना वीज गेली की अशी नोंद अर्धवट राहू शकते.

बरेच जण आता विंडोजमधला डिस्क दुरुस्त करणारा प्रोग्रॅम, ‘चेकडिस्क’, चालवा असे सांगतील. कृपया चालवू नका. तो दुरुस्ती त्याच डिस्कवर लिहून करतो, चुकली तर मागे फिरता येत नाही, आणि आपल्याकडे दुसरी प्रत नाही. आधी ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ या मोफत प्रोग्रॅममध्ये डिस्कची तब्येत सांगणाऱ्या ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळी पाहा. सी५ शून्याहून जास्त असेल, तर काही सेक्टर, म्हणजे माहिती साठवण्याचे छोटे कप्पे, वाचताना डिस्क अडखळते आहे.

आकडे काहीही असले तरी मी आधी संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रत, म्हणजे इमेज, काढेन. त्यासाठी किमान २ टीबीची दुसरी डिस्क घ्या, पेनड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) सुरू करा आणि तिच्यातला ‘डीडीरेस्क्यू’ हा प्रोग्रॅम वापरा. तो आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो, अडलेल्या जागा मॅप फाइलमध्ये नोंदवून ठेवतो आणि त्यांच्याकडे शेवटी वळतो, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी काम तिथूनच पुढे सुरू करता येते. आदेशात मूळ डिस्क कोणती आणि नवी कोणती, हे दोनदा तपासल्याशिवाय एंटर दाबू नका. उलट झाले तर कोरी डिस्क ओव्यांवर लिहिली जाईल. त्यानंतरचे सगळे काम इमेजवरच करायचे. ‘टेस्टडिस्क’ हा प्रोग्रॅम तिच्यातले पार्टिशन, म्हणजे फाइली ठेवलेला विभाग, शोधून फाइलींची यादी दाखवतो आणि तिथूनच त्या नव्या डिस्कवर उतरवता येतात.

प्रश्नकर्ती

०५ आणि सी६ शून्य होते, सी५ मध्ये ८ होते. लिनक्स जाणणाऱ्या भाच्याला शेजारी बसवून काल संध्याकाळी इमेज सुरू केली. सकाळी पाहिले तर एका छोट्या तुकड्याखेरीज सगळी डिस्क वाचून झाली होती. टेस्टडिस्कने फोल्डर मी दिलेल्या नावांसकट दाखवले. २१४ मुद्रणांपैकी २१२ उघडतात, दोन अर्ध्यावर तुटतात. पहिली फाइल लावली तेव्हा आधी जात्याची घरघर आली, मग खुंटा पकडताना आजीच्या बांगड्या वाजल्या, आणि मग ओवी. उरलेल्या दोन फाइलींसाठी आणखी काही करता येईल का?

उत्तर (सातारा)

फार बरे वाटले. डीडीरेस्क्यूला तीच मॅप फाइल देऊन फक्त अडलेल्या जागा आणखी तीन वेळा वाचायला सांगा. कधी कधी दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत सेक्टर वाचला जातो. मात्र त्याआधी मिळालेल्या २१२ फाइलींची आणखी एक प्रत काढून ती दुसऱ्या घरी, भाच्याकडेच, ठेवा. जुनी डिस्क त्यानंतरच पुन्हा जोडा.